हेड कोचची निवड: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील शोधप्रक्रिया, पायरीपायरीने

10 जानेवारी 2024 रोजी, बुधवारी, अलाबामा विद्यापीठाचे हेड कोच निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. सतरा हंगाम आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदे एवढी त्यांची तिथली कारकीर्द होती. क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी खेळाडूंकडे 72 तासांची मुदत मागितली आणि ती संपण्याआधीच, 12 जानेवारीला, वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डिबोर यांची नेमणूक जाहीर झाली. चारच दिवसांपूर्वी डिबोर यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. दोन दिवसांत एवढा मोठा निर्णय झालेला पाहून बाहेरच्या माणसाला ती घाई वाटते. माझे मत वेगळे आहे. कोचच्या निवडीचे खरे काम जागा रिकामी होण्याआधीच व्हावे लागते आणि जागा रिकामी झाल्यावर फक्त त्या कामाची परीक्षा होते.

अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन शिकायला आलेले मराठी विद्यार्थी, माजी विद्यार्थी म्हणून विद्यापीठाच्या समित्यांवर काम करणारे लोक आणि मुलांच्या कॉलेजमुळे शनिवारच्या सामन्यांत जीव अडकलेले पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून ही प्रक्रिया मी क्रमाने मांडतो आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. या खेळातील हेड कोचचे काम मैदानापुरते नसते. 105 खेळाडूंपर्यंतचा संघ उभा करणे, शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांना विद्यापीठाकडे वळवणे, सहायक कोचांचा मोठा ताफा सांभाळणे आणि देणगीदारांसमोर उभे राहणे हे सगळे त्याच्याकडेच असते.

पहिली पायरी: निर्णय कोणाचा, हे आधी लिहून ठेवा

कागदोपत्री बहुतेक ठिकाणी व्यवस्था सारखीच असते: क्रीडा संचालक शोध घेतो, कुलप्रमुख संमती देतात आणि विश्वस्त मंडळ करार मंजूर करते. प्रत्यक्षात मोठे देणगीदार, माजी कोच आणि सरकारी विद्यापीठ असेल तर राज्यातील राजकारणीही यात हात घालतात. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रायन केली यांना काढले, तेव्हा राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पुढचा कोच क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. पुढच्या काही दिवसांतच वुडवर्ड यांनी पद सोडले. म्हणजे कोचचा शोध सुरू झाला आणि शोधणाऱ्याचीच जागा रिकामी झाली.

अशा वेळी चांगल्या उमेदवाराचा एजंट पहिला प्रश्न विचारतो: तुमच्याकडे होकार देणारा माणूस कोण? त्याला एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे. म्हणून संचालकाने कुलप्रमुख आणि मंडळाच्या अध्यक्षांशी आधीच बोलून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पगाराची कमाल मर्यादा किती, रात्री अकरा वाजता होकार हवा असेल तर फोन कोणाला करायचा आणि देणगीदारांना कोणत्या टप्प्यावर सांगायचे. माझ्या मते शोधसमिती तीन ते पाच जणांपेक्षा मोठी नसावी. सल्ला कितीही लोकांचा घ्यावा, पण नावे थोड्याच लोकांना ठाऊक असावीत.

दुसरी पायरी: चालू कोच असतानाच यादी तयार ठेवणे

आपला कोच जिंकत असो वा हरत असो, प्रत्येक जाणत्या क्रीडा संचालकाकडे संभाव्य नावांची यादी असते. चालू कोचवर अविश्वास आहे म्हणून ती केलेली नसते. घराचा विमा उतरवतो तशी ती खबरदारी असते. यादीत साधारण आठ-दहा नावे असावीत, तीही एकाच प्रकारची नसावीत. मोठ्या विद्यापीठांतील यशस्वी हेड कोच, लहान विद्यापीठांत सातत्याने जिंकणारे कोच, आक्रमण किंवा बचावाची बाजू सांभाळणारे कोऑर्डिनेटर आणि स्वतःच्याच ताफ्यातील एखादा सहायक, असे सगळे तीत हवेत.

प्रत्येक नावापुढे काय टिपायचे, हे महत्त्वाचे आहे. विजय-पराजयाचे आकडे कोणालाही मिळतात. त्याने संघ हाती घेतला तेव्हा तो कुठे होता आणि दोन वर्षांनी कुठे पोचला, त्याचे सहायक त्याच्याबरोबर किती वर्षे टिकतात, त्याच्या करारातील बायआउट किती आणि ते कोणत्या तारखेला कमी होते, त्याचे कुटुंब कुठले, या नोंदी कामाला येतात. बायआउट म्हणजे करार मध्येच मोडल्यास द्यावी लागणारी रक्कम. कोच स्वतःहून गेला तर ती त्याच्या बाजूने, म्हणजे व्यवहारात त्याला नेणाऱ्या विद्यापीठाकडून, भरली जाते. विद्यापीठाने काढले तर विद्यापीठाला भरावी लागते.

इंडियाना विद्यापीठाचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. 2023 च्या हंगामात त्यांनी बारापैकी तीनच सामने जिंकले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे कर्ट सिग्नेटी यांना नेमले. सिग्नेटी तेव्हा साठीच्या पुढे होते आणि मोठ्या परिषदेत, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या गटात, हेड कोच म्हणून त्यांनी कधीही काम केलेले नव्हते. पण त्यांची नोंदवही उघडून पाहिली तर चित्र स्पष्ट होते. सेबन यांच्या अलाबामातील पहिल्या ताफ्यात खेळाडूभरतीचे काम त्यांनी पाहिले होते. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील एक लहान विद्यापीठ, मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन, असे जिथे गेले तिथे ते जिंकत राहिले. इंडियानात येताना त्यांनी जुन्या संघातील अनेक खेळाडू आणि विश्वासातले सहायक बरोबर आणले आणि 2024 मध्ये 11 सामने जिंकले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात तोवर एवढे विजय मिळालेले नव्हते. नावाच्या झगमगाटावर यादी केली असती, तर हे नाव तीत आलेच नसते.

तिसरी पायरी: जुन्या कोचला कधी आणि कितीत काढायचे

या पायरीवर पैशाचा हिशेब भावनेच्या आधी मांडावा लागतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2017 च्या अखेरीस जिंबो फिशर यांना दहा वर्षांचा, 7 कोटी 50 लाख डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला आणि 2021 मध्ये तो 2031 पर्यंत वाढवला. 12 नोव्हेंबर 2023 रोजी त्यांना काढले तेव्हा विद्यापीठाच्या डोक्यावर 7 कोटी 50 लाख डॉलरहून अधिक देणे होते. फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी त्यातून एक डॉलरही वजा होणार नव्हता, कारण करारात तशी अटच नव्हती. ती एक ओळ लिहून घेतली असती तर किती फरक पडतो, हे पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात दिसते. ऑक्टोबर 2025 मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढल्यावर सुमारे 4 कोटी 90 लाख डॉलरचे देणे दिसत होते. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेल्यावर तडजोडीने हे देणे 90 लाखांच्या आसपास आले.

दुसरा हिशेब दिनदर्शिकेचा आहे. नियमित हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतो, शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करारावर सह्या करण्याचा काळ डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतो आणि जानेवारीच्या आरंभी ट्रान्सफर पोर्टल उघडते, म्हणजे आधीच कॉलेजात असलेल्या खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची वाट मोकळी होते. या सगळ्याच्या आत कोच मिळाला नाही तर वर्ष हातचे जाते. म्हणूनच हल्ली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कोच काढले जातात.

मात्र लवकर काढले म्हणजे लवकर मिळाला, असे होत नाही. पेन स्टेटने फ्रँकलिन यांना 12 ऑक्टोबरला काढले, पण आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल यांची नेमणूक 5 डिसेंबरला झाली. मधल्या काळात फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला पोचले आणि पेन स्टेटला शब्द दिलेले अनेक खेळाडू त्यांच्यामागे गेले. 3 डिसेंबर, सह्यांचा दिवस. एरवी या दिवशी अशा विद्यापीठाकडे वीस-पंचवीस मुलांचे करार येतात. त्या दिवशी पेन स्टेटकडे फक्त दोन आले. सात आठवडे मिळूनही सह्यांच्या दिवशी संघाला कोच नव्हता. आधीची यादी आणि तिच्यातील नावांचा खरा कल ठाऊक नसेल, तर मोकळा वेळही उपयोगी पडत नाही.

चौथी पायरी: आपल्याला कोण हवे, हे दोन पानांत लिहा

हे दोन पानी टिपण संचालकाने स्वतः लिहावे. आपल्या राज्यात शाळकरी खेळाडू भरपूर आहेत की बाहेरून आणावे लागतात? अभ्यासाच्या प्रवेश-अटी कडक आहेत का? खेळाडूंना थेट मोबदला देण्यासाठी किती पैसा आहे? जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना स्वतः पैसे देऊ शकतात. 2025-26 साठी सर्व खेळांची मिळून त्याची मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर होती. त्यातला फुटबॉलचा वाटा किती, हे उमेदवाराला मुलाखतीआधी सांगता आले पाहिजे, कारण आजचा कोच पगाराच्या आकड्याआधी हा आकडा विचारतो.

टिपणात आधीच्या कोचच्या उणिवांची सावली पडू देऊ नये. कडक कोच गेला की सगळ्यांना प्रेमळ माणूस हवासा वाटतो, बचावतज्ज्ञ गेला की आक्रमणतज्ज्ञ. ही ओढ नैसर्गिक आहे, पण ती मागच्या दुखण्यावरचे औषध शोधत राहते आणि पुढच्या चार वर्षांची गरज बाजूला पडते.

याच टप्प्यावर यादी पुरेशी रुंद आहे का, हेही तपासावे. दक्षिण-पूर्वेकडील विद्यापीठांच्या परिषदेत, म्हणजे एसईसीमध्ये, पहिला कृष्णवर्णीय हेड कोच नेमला गेला तो डिसेंबर 2003 मध्ये: मिसिसिपी स्टेटने सिल्व्हेस्टर क्रूम यांना निवडले. खेळाडूंत कृष्णवर्णीयांची संख्या कितीतरी आधीपासून मोठी होती. सरकारी विद्यापीठांनी हेड कोच नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावी, असा कायदा ओरेगॉन राज्याने 2009 मध्ये केला. कायदा असो वा नसो, ओळखीच्या वर्तुळातच फिरणारी यादी चांगली माणसे गमावते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पाचवी पायरी: मध्यस्थ, एजंट आणि गुप्तता

बहुतेक विद्यापीठे शोधसंस्थेची मदत घेतात. नावे सुचवण्यासाठी तिची फारशी गरज नसते. तिचा उपयोग दुसराच: उमेदवार अजून दुसऱ्या संघाचा कोच असतो, म्हणून संचालकाने त्याला थेट फोन करणे दोघांनाही अडचणीचे ठरते. शोधसंस्था त्याच्या एजंटशी बोलते आणि दोन्ही बाजूंना ‘आमचे बोलणे झालेले नाही’ असे खरेपणाने म्हणता येते. एजंट थोडे आणि त्यांचे कोच पुष्कळ, अशी स्थिती आहे. जिमी सेक्स्टन यांच्यासारखा एकच एजंट एकाच आठवड्यात जाणारा कोच, येणारा कोच आणि नकार देणारा कोच अशा तिघांच्या वतीने बोलत असू शकतो. म्हणून एजंटने सांगितलेल्या उत्साहाची खात्री दुसऱ्या वाटेने करून घ्यावी. कित्येकदा उमेदवाराला फक्त आहे तिथे पगारवाढ हवी असते.

सरकारी विद्यापीठांत ईमेल आणि संदेश माहिती-कायद्याखाली मागवता येतात, त्यामुळे नावे लेखी न आणता फोनवर बोलण्याची पद्धत आहे. चाहते खासगी विमानांचा मागही घेतात. एखाद्या लहान विमानतळावर विद्यापीठाच्या देणगीदाराचे विमान उतरले की तासाभरात कोचचे नाव गावभर होते. भेटी म्हणूनच तिसऱ्याच शहरातील हॉटेलात किंवा उमेदवाराच्या घरी ठेवतात.

सहावी पायरी: पार्श्वभूमीची तपासणी

ही पायरी घाईत कापली जाते आणि नंतर तीच सर्वांत महाग पडते. डिसेंबर 2001 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने जॉर्ज ओ'लिअरी यांना नेमले. पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांच्या परिचयपत्रात लिहिलेली पदव्युत्तर पदवी आणि कॉलेजात खेळल्याचा उल्लेख, दोन्ही खोटे निघाले. हा माणूस अनेक वर्षे हेड कोच होता. कागद कोणीच पडताळला नव्हता. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला केलेला एक फोन एवढाच या पडताळणीचा खर्च होता.

तपासणीत काय काय यावे? पदव्या, न्यायालयीन नोंदी, कर्जे, राष्ट्रीय संघटना एनसीएएकडील चौकशीचा इतिहास, लैंगिक छळाच्या तक्रारी हाताळताना त्याने काय केले आणि त्याच्या सहायकांचे वर्तन. शेवटचा मुद्दा सोडू नये. टेनेसी विद्यापीठात हेड कोच जेरेमी प्रूट यांच्या काळात त्यांच्या सहायकांनीही भरतीचे नियम मोडल्याचे उघड झाले, जानेवारी 2021 मध्ये त्यांना काढले गेले आणि 2023 मध्ये विद्यापीठाला 80 लाख डॉलरचा दंड झाला.

कागदी तपासणीइतकेच लोकांच्या मनाचे भानही लागते आणि यातही टेनेसीचाच अनुभव मोठा आहे. 26 नोव्हेंबर 2017, रविवार. ग्रेग शियानो यांच्याशी बोलणी पक्की झाल्याची बातमी फुटली. शियानो पूर्वी पेन स्टेटमध्ये सहायक होते आणि तेथील मुलांवरील लैंगिक अत्याचार प्रकरणाच्या एका साक्षीत, त्यांना ते ठाऊक होते, असा ऐकीव उल्लेख आला होता; त्यांनी तो ठामपणे नाकारला होता. विद्यार्थ्यांनी आवारातील ‘द रॉक’ या प्रसिद्ध खडकावर निषेध रंगवला, राज्यातील लोकप्रतिनिधींनी विरोधी निवेदने काढली आणि संध्याकाळपर्यंत करार मोडला. आठवडा संपण्याआधी क्रीडा संचालक जॉन करी यांनाही दूर करण्यात आले. आरोप खरा होता की नाही, हा प्रश्न वेगळा. तो विचारला जाणार हे आधी ओळखून, उत्तराची कागदपत्रे हाती ठेवून आणि मंडळाला विश्वासात घेऊन मगच पुढे जायला हवे होते. एका माणसाच्या नावावर त्या दिवशी जे ओरखडे उठले, त्याची जबाबदारी शोध घेणाऱ्यांवरही येते.

सातवी पायरी: मुलाखत

चार-पाच तास द्यावेत आणि त्यातला मोठा भाग ताफ्यावर घालवावा. ‘आक्रमणाचा कोऑर्डिनेटर कोण असेल?’ या प्रश्नाला तीन नावे क्रमाने सांगणारा आणि त्यातले कोण खरोखर येऊ शकेल हे ठाऊक असणारा उमेदवार तयारीने आलेला असतो. व्यायाम-प्रशिक्षक कोण, हेही तितकेच विचारावे, कारण स्पर्धा नसलेल्या महिन्यांत खेळाडू सर्वाधिक वेळ त्याच्याबरोबर असतात.

एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. उमेदवाराचा संघ हरलेला एखादा सामना आपण आधीच निवडावा, त्यातील निर्णायक दहा मिनिटे त्याच्यासमोर पडद्यावर लावावीत आणि प्रत्येक निर्णयामागे काय विचार होता, ते त्याला सांगू द्यावे. चौथ्या डाउनला, म्हणजे चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला, पुढे न जाता चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे का सोडला, टाइमआउट का जपून ठेवला, त्या क्षणी हेडसेटवर कोण बोलत होते? चूक स्वतःकडे घेणारा आणि सहायकावर ढकलणारा, दोघे या दहा मिनिटांत वेगळे दिसू लागतात. भविष्याबद्दलची भाषणे सगळेच चांगली करतात.

आपल्याच ताफ्यातील हंगामी, म्हणजे तात्पुरत्या, कोचला मुलाखतीला केवळ सौजन्य म्हणून बोलावू नये. क्लेमसनने ऑक्टोबर 2008 मध्ये डॅबो स्विनी या सहायकाला हंगामी जबाबदारी दिली आणि डिसेंबरमध्ये कायम केले. पुढे त्यांनी 2016 आणि 2018 च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आणले. नोत्र दामने 2021 मध्ये हेड कोच ब्रायन केली अचानक सोडून गेल्यावर मार्कस फ्रीमन यांना बढती दिली, तेव्हा खेळाडूंचा त्यांना उघड पाठिंबा होता. मात्र खेळाडूंचे मत ऐकावे, त्यांच्याकडून मतदान घेऊ नये. त्यांतले बरेच खेळाडू वर्षभरात निघून जाणारे असतात.

आठवी पायरी: करार

होकार मिळाल्याबरोबर दोन-तीन पानांचा सामंजस्य करार सहीसाठी तयार असावा आणि सविस्तर करार काही आठवड्यांत पुरा करावा. अलाबामाने डिसेंबर 2002 मध्ये माइक प्राइस यांना नेमले, पण मे 2003 मध्ये वैयक्तिक वर्तनाच्या कारणावरून काढले, तोवर त्यांनी सविस्तर करारावर सही केलेली नव्हती. त्यांनी तिथे एकही सामना खेळवला नाही.

करारात चार कलमांवर वकिलाचा वेळ खर्च करावा: काढल्यास किती टक्के रक्कम देय, दुसरी नोकरी मिळाल्यास ती वजा होते का, कोच स्वतः गेल्यास किती भरावे लागेल आणि ‘योग्य कारणाने’ काढणे म्हणजे नेमके काय. पहिल्या मोठ्या विजयानंतर करार वाढवण्याचा आग्रह होतोच. त्या वेळी नकार देता येईल असे कलम आधीच घालून ठेवावे.

नववी पायरी: घोषणा आणि पहिले पंधरा दिवस

वर्तमानपत्रांना कळण्याआधी खेळाडूंना कळावे, हा नियम मोडू नये. त्यानंतर लगेच शब्द दिलेल्या शाळकरी खेळाडूंना आणि त्यांच्या पालकांना फोन जावेत. कोच बदलला की साखळी सुरू होते: डिबोर गेल्यावर वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश घेतले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन घेतले आणि सॅन होजे स्टेटला केन नियुमाटालोलो शोधावे लागले. प्रत्येक ठिकाणी खेळाडू अस्वस्थ होतात. अलाबामाने अवघ्या दोन दिवसांत कोच मिळवला, तरी केलेब डाउन्स हा त्यांचा उत्तम बचावपटू ओहायो स्टेटला गेलाच.

2025 मध्ये बदललेल्या नियमानुसार, नव्या कोचच्या घोषणेनंतर पाच दिवसांनी त्या संघाच्या खेळाडूंना पोर्टलमध्ये जाण्यासाठी 15 दिवसांची मुदत मिळते. म्हणजे नव्या कोचच्या हाती आधीचे पाच दिवस असतात. पत्रकार परिषद आणि देणगीदारांचे भोजन या दिवसांत एका संध्याकाळपुरते ठेवावे. उरलेल्या वेळात प्रत्येक खेळाडूला कोचच्या खोलीत बोलावून दहा-पंधरा मिनिटे समोरासमोर बोलणे व्हावे, आणि पाचव्या दिवशी रात्री क्रीडा संचालकाच्या टेबलावर संपूर्ण संघाची यादी यावी: कोणाशी बोलणे झाले, कोण राहणार, कोण साशंक आहे आणि कोणाच्या घरी अजून फोन करायचा राहिला आहे.